माळावरची विष्णुक्रांता, आणि शंखपुष्पी नावाचा घोळ

गेल्या सप्टेंबरात आत्याच्या पोराचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, कुंडीतलं झाड, गच्च निळी फुलं, आणि खाली मेसेज, "दादा ही शंखपुष्पीच हाय न्हवं? नर्सरीवाला तर तसंच म्हणतोय. पोरगं दहावीला हाय, रोज सकाळी चार पानं वाटून दुधातनं द्यावी म्हणतोय." मी बॉटनीत बीएस्सी केलंय एवढ्या एका पापापायी भावकीतले सगळे मला पाल्यापाचोळ्याचे फोटो पाठवतात. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही, हे शंभरदा सांगून झालंय पण ऐकतंय कोण. यावेळी मात्र उत्तर एका ओळीत देता येईना, कारण कुंडीतलं ते झाड शंखपुष्पी नव्हतंच. ते ब्राझीलकडचं शोभेचं झाड, नर्सरीत ‘ब्लू डेज’ म्हणून मिळतं, आपल्याकडं बरेच जण त्याच्यावर शंखपुष्पीची चिठ्ठी लावून विकतात. आणि मजा म्हणजे हा फोटो पाठवणारा माणूस लहानपणी आटपाडीच्या ज्या माळावर माझ्याबरोबर शेरडं राखायला यायचा, त्याच माळावर या झाडाची चुलत बहीण फुकटात उगवते. आम्ही दोघं तिच्यावर बसून डबा खायचो.

तिचं नाव विष्णुक्रांता. काही जण निळी शंखपुष्पी म्हणतात. आमच्या आजीला नावबिव माहीत नव्हतं, ती "ते निळं फूल" एवढंच म्हणायची, आणि तिला ते बरोबर सापडायचं.

आधी झाड कसं दिसतं ते सांगतो म्हणजे पुढचं डोळ्यासमोर राहील. पाऊस पडून गेला की मुरमाड माळावर, कुसळीच्या गवतात, तरवडाच्या झुडपाखाली, पायवाटेच्या कडेला जमिनीला चिकटून तारेसारख्या बारीक फांद्या पसरलेल्या दिसतात, वीतभर, फार तर हातभर. पानं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची. सगळ्या झाडावर पांढरी रेशमी लव, त्यामुळं लांबून राखाडी-चंदेरी वाटतं. आणि प्रत्येक फांदीवर आभाळाच्या रंगाची फुलं, शर्टाच्या बटणापेक्षाही बारकी, मध्ये पांढुरका ठिपका. सकाळी नऊ-दहाला गेलात तर माळ निळ्या टिकल्यांनी भरलेला असतो आणि दुपारी दोनला त्याच जागेवर गेलात तर म्हणाल इथं काहीच नव्हतं, कारण फुलं मिटून गेलेली असतात.

आता हे झाड ज्या घराण्यातलं आहे ते घराणं वेलींचं. इंग्रजीत मॉर्निंग ग्लोरी म्हणतात ते हेच, सकाळी फुलून दुपारी मिटणारं. या घराण्यात साठेक गोत्रं आणि सोळाशेच्या वर जाती आहेत आणि आपण त्यातल्या कितीतरी रोज बघतो, फक्त नातं माहीत नसतं. एकादशीला खातो ते रताळं या घराण्यातलं. कुंपणावरची लाल चांदण्यांची गणेशवेल यातली. ओढ्याकाठी माजणारं जांभळ्या फुलांचं बेशरम यातलं. बाभळीवर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता होऊन बसणारी अमरवेल, जिला ना पान ना मूळ, तीपण यातलीच. वेलींच्या एवढ्या खानदानात असूनही विष्णुक्रांता वेल नाही, ती कशावरच चढत नाही. लिनियस नावाच्या स्वीडिश माणसानं, ज्यानं जगभरच्या झाडांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत पाडली, १७५३ साली तिला आधी कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये टाकलं, म्हणजे लॅटिनमध्ये गुंडाळत जाणारी. पुढं १७६२ साली त्यानंच तिच्यासाठी वेगळं गोत्र काढलं आणि नाव दिलं इव्हॉल्व्ह्युलस, म्हणजे उलटं, गुंडाळा सोडलेली, उलगडलेली. पूर्ण नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. आणि आपल्याकडचं नाव बघा, विष्णुक्रांता, जिच्यावर विष्णूचं पाऊल पडलं ती. दोघांनाही एकच गोष्ट दिसली, की ही बाई जमीन सोडत नाही.

चढायचं काय होतं म्हणा. चढायला झाड लागतं आणि आमच्याकडं झाडंच कुठायत. सह्याद्रीनं ढग अडवले की महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढं पाऊस, आणि तिथनं पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, त्याच सातारा जिल्ह्यात, माणमध्ये पाचशेच्या आसपास, तोही आला तर. खाली आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सगळीकडं तीच रड. एका जिल्ह्यात एकीकडं छत्री कुजते आणि दुसरीकडं छत्री घ्यायचा प्रश्नच येत नाही. मग असल्या ठिकाणी एवढंसं नाजूक दिसणारं झाड तग धरतं कसं, हा मला या सगळ्यातला सगळ्यात भारी भाग वाटतो, औषधापेक्षा जास्त, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो, ज्यांना नुसतं काढ्याचं हवंय त्यांनी खाली जावं.

पहिली गोष्ट मूळ. वर वीतभर झाड पण खाली लाकडासारखं टणक मूळ, मुरमाच्या भेगांतनं खाली गेलेलं. उपटायला जा, वरच्या फांद्या हातात येतात आणि मूळ तिथंच राहतं. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, मार्च-एप्रिलमध्ये तुम्हाला माळावर काडी दिसणार नाही, पण ते मेलेलं नसतं, खाली मूळ दम धरून बसलेलं असतं, आणि वळवाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच बुडख्यातनं नवे कोंब. म्हणजे दरवर्षी पहिल्यापासून संसार मांडायची गरज नाही.

दुसरी ती लव. झाड पानांवरच्या बारीक छिद्रांतनं हवा आत घेतं, आणि हवा आत घेताना पाणी बाहेर जातं, त्याला इलाज नाही, तोंड उघडलं की वाफ जाणारच. वारं जितकं जोरात तितकं पाणी जास्त जातं, दोरीवरची धोतरं वाऱ्याला लवकर वाळतात तसं. पानावर दाट केस असले की पानाला लागून हवेचा एक पातळ थर अडकून राहतो, वारं थेट छिद्रापर्यंत पोचत नाही आणि पाणी हळूहळू जातं. शिवाय केस पांढरे, त्यामुळं ऊन थोडं परत फेकलं जातं. आमच्याकडचे मेंढके भर उन्हात डोक्याला पांढरा पटका आणि खांद्यावर घोंगडं घेऊन हिंडतात, शहरातल्या माणसाला वाटतं यांना उकडत कसं नाही, तर हिशोब तोच आहे.

तिसरं, पानाचा आकार. हे लोकांना पटत नाही पण बारकं पान मोठ्या पानापेक्षा थंड राहतं. मोठ्या पानावर स्थिर हवेचा थर जाड होतो आणि उष्णता पटकन सुटत नाही, मग ते पान थंड ठेवायला झाडाला पाणी उडवावं लागतं, घाम काढावा तसं. बारक्या पानाची उष्णता वाऱ्यावर आपोआप निघून जाते, पाणी खर्ची घालावं लागत नाही. म्हणून तर बाभळीची, आवळ्याची, शमीची पानं तशी असतात, आणि केळ लावायची तर बुडात पाट खेळवावा लागतो.

फुलांचंही तसंच. फूल म्हणजे पातळ कागद, त्यातनं पाणी जातच राहतं आणि त्याचा स्वयंपाकाला काही उपयोग नाही, स्वयंपाक पानात होतो. मग सकाळी गार असताना तीन-चार तास दुकान उघडायचं, बारक्या माश्या येऊन गेल्या की शटर खाली. एका फुलाचं काम एका सकाळीत संपतं, उद्या दुसरं फुलेल.

आणि शेवटचं बी, ते ऐकून तर मी कॉलेजात असताना सरांकडं बघतच राहिलो होतो. या घराण्यातल्या बऱ्याच झाडांच्या बियांचं टरफल इतकं घट्ट असतं की पाणी आतच शिरत नाही. पाऊस पडला म्हणून सगळ्या बिया एकदम उगवत नाहीत. उन्हानं तापून, थंडीनं आकसून, टरफलातली एक ठरावीक जागा जेव्हा सुटते तेव्हाच पाणी आत जातं, काहींची ती जागा या वर्षी सुटते, काहींची दोन वर्षांनी. आता आपण काय करतो, मृगाचा एक बरा पाऊस झाला की सगळं बियाणं मातीत घालतो, पुढं तीन आठवडे पावसाचा पत्ता नाही, मग दुबार पेरणी, मग उधारी. विष्णुक्रांतेची दुबार पेरणीची सोय तिनं बियाण्यातच करून ठेवलीय.

एवढं असून ती एका गोष्टीला हरते, ती म्हणजे सुबत्ता. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यावर आमच्या शिवारातले माळ फुटले, डाळिंबं लागली, ठिबक आलं, माझ्या घरचंही तसंच आहे त्यामुळं तक्रार करायला मला तोंड नाही. पण जिथं पाणी येतं तिथं हराळी, गाजर गवत आणि उंच वाढणारं दुसरं तण येतं, आणि जमिनीलगतच्या बारक्या झाडावर सावली पडली की तिचा खेळ संपला. मागच्या वर्षी मी बांधावर शोधली तर नाही सापडली, वर खडकाच्या तुकड्यावर, जिथं पोकलेननंही हात टेकले, तिथं सापडली.

आता नावाचा घोळ. हा नीट समजून घ्या, कारण औषधाचं सगळं यावर अडलेलं आहे.

‘शंखपुष्पी’ हे एका झाडाचं नाव नाही. देशात निदान चार वेगवेगळी झाडं या नावानं वापरली जातात. एक, कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस, जुनं नाव प्लुरिकॉलिस, ही राजस्थान आणि उत्तरेकडच्या कोरड्या भागात, फुलं पांढरी किंवा फिकट गुलाबी, आणि सरकारी आयुर्वेदिक औषधकोशात शंखपुष्पी म्हणून हिचंच नाव आहे, त्यामुळं बाटलीवर शंखपुष्पी लिहिलेलं असलं की शक्यतो ही अपेक्षित असते. दोन, आपली विष्णुक्रांता, निळ्या फुलांची, पहिलीच्याच घराण्यातली. तीन, गोकर्णी, जिची निळी फुलं आता रीलवाले गरम पाण्यात टाकून ब्लू टी म्हणून पितात, केरळात शंखपुष्पम म्हणजे ही. ती तर वाल-घेवड्याच्या घराण्यातली, शेंगा येतात तिला, काही संबंध नाही. चार, कॅन्स्कोरा, बंगालकडं वापरतात, ही काडेचिराईताच्या घराण्यातली. म्हणजे चार झाडांची तीन वेगळी घराणी, आतली रसायनं वेगळी, आणि नाव एक. बरं एवढ्यावर थांबत नाही, जुन्या निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी झाडांच्या कोशांमध्ये, गोकर्णीलाच विष्णुक्रांता असंही म्हटलेलं आहे, म्हणजे दोन्ही नावं दोन्हीकडं फिरतात. पाटील म्हणून हाक मारली आणि अख्खी गल्ली वळली असा प्रकार.

हा घोळ कुणी मुद्दाम केलेला नाही. जुने ग्रंथ झाडाचं वर्णन श्लोकात देतात, फोटो नाही, नमुना नाही. शंखासारखं फूल एवढ्या खुणेवर प्रत्येक भागातल्या वैद्यानं आपल्या रानातलं जवळचं झाड धरलं, ज्याला जे मिळालं ते. तसं बघितलं तर विष्णुक्रांतेचं फूल शंखासारखं दिसतच नाही, ते बशीसारखं चपटं आहे.

मग ओळखायचं कसं, तर मोबाइल पुरेसा आहे. फूल ताजं असताना कॅमेरा झूम करा आणि मध्यभागी बघा. पुंकेसर पाच असतात, टोकाला परागाच्या गाठी असलेले, ते सोडून द्या. त्यांच्या मधोमध जे पांढरे धागे येतात ते मादीचे. विष्णुक्रांतेत बुडापासून दोन धागे निघतात आणि प्रत्येकाला पुढं दोन फाटे फुटतात, म्हणजे टोकं चार. राजस्थानवालीत धागा एकच आणि टोकाला दोन फाटे. चार टोकं की दोन टोकं, एवढं मोजलं की निम्मा वाद मिटला. पण नर्सरीतलं ब्लू डेजही याच गोत्रातलं असल्यामुळं त्यालाही चारच टोकं, तिथं आकार बघायचा. ब्लू डेजची फुलं रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून मोठी, पानं मोठी, झाड उभं झुडपासारखं, आणि ते कुंडीत खत-पाणी खाऊन वाढलेलं. माळावरचीची फुलं सेंटीमीटरच्याही आत. शिवाय लॉनमध्ये एक गोल नाण्यासारख्या पानांची, पांढऱ्या फुलांची, पेरापेरावर मुळं सोडणारी असते, ती अमेरिकेकडनं आलेली तिसरी बहीण, तिला कुणी शंखपुष्पी म्हणून विकलं तर पैसे परत मागा. वाळवून पूड केल्यावर मात्र हे सगळं संपतं, हिरवट करड्या पुडीत फूल मोजता येत नाही, तिथं मायक्रोस्कोप आणि लॅबच लागते.

आता वापर. चरकसंहितेत चार मेध्य रसायनं सांगितलीत, मेध्य म्हणजे बुद्धीला, स्मरणाला, धारणेला पोषक. मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधातनं, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, कल्क म्हणजे वाटून केलेला गोळा. त्यातही शंखपुष्पी खास मेध्य असं म्हटलंय. परीक्षेच्या सीझनला मेडिकलच्या काउंटरवर ज्या बाटल्या रचलेल्या असतात त्यांचं मूळ हे. विष्णुक्रांतेचे घरगुती वापर याच्यापेक्षा बरेच वेगळे आणि जमिनीवरचे आहेत, तापात कडू काढा, जुलाब-आंवेत, केसांच्या तेलात, आणि एक जुना उपाय म्हणजे वाळलेली पानं विडीसारखी वळून जुन्या खोकल्याला, दम्याला ओढायची. हा शेवटचा कुणी करू नका, दम्याच्या माणसाच्या फुप्फुसात धूर घालायला आता काहीच कारण राहिलेलं नाही, पंप मिळतात. केरळात तिला दशपुष्पांत, म्हणजे पवित्र मानलेल्या दहा झाडांत, मान आहे, तिथल्या बायका ती फुलं-पानं सणाला केसात माळतात.

शास्त्र काय म्हणतं तेही बघू. विष्णुक्रांतेत स्कोपोलेटिन नावाचं रसायन सापडतं, आणि केम्फेरॉलच्या जातीची काही रंगद्रव्यं. स्कोपोलेटिन काही हिची मक्तेदारी नाही, रताळ्याला कीड लागली किंवा जखम झाली की रताळंही ते तयार करतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्या लोकांनी २००५ साली विष्णुक्रांतेच्या अर्कावर उंदरांचे प्रयोग छापले. प्रयोग साधारण असे असतात, उंदराला ताण द्यायचा आणि त्याच्या अंगात काय बदल होतात ते अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांत ताडून बघायचं, किंवा त्याला औषधानं विसरभोळा करायचं आणि मग शिकवलेलं त्याच्या किती लक्षात राहतं ते बघायचं. तिथं अर्काचा फायदा दिसला, ताणाचे परिणाम कमी, विसरणं कमी.

इथंच लोक उडी मारतात. उंदरावर दिसलं म्हणजे पोराला दहावीत नव्वद टक्के. जरा थांबा. प्रयोगातला अर्क म्हणजे किलोभर झाडाचं सत्त्व रसायनात उतरवून, आटवून, मोजून दिलेला असतो, आपली चार पानं दुधात वाटलेली त्याच्या जवळपासही जात नाहीत. उंदराला मुद्दाम बिघडवून मग सुधारलेलं असतं, चांगल्या धडधाकट डोक्याची आणखी धार निघते का हा प्रश्न वेगळाच. आणि चरकात ज्या शंखपुष्पीबद्दल लिहिलंय, लॅबमध्ये जिच्यावर प्रयोग झाला आणि तुमच्या हातात जी आहे, या तिन्ही एकच असतील याची खात्री कुणी दिली? याचा अर्थ झाड कुचकामी असा मी म्हणत नाही. पिढ्यान् पिढ्या लोक वापरतात त्यात काहीतरी असणार, म्हणून तर संशोधक त्याच्या मागं लागलेत. फक्त ‘काहीतरी असेल’ आणि ‘तुमच्या पोराला आजपासून सुरू करा’ यात बरंच अंतर आहे, आणि ते अंतर विकणाऱ्याला दाखवायचं नसतं.

आणि मुख्य म्हणजे, काही परिणाम नाही असंही समजू नका. १९९२ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी एक बाब छापली. फिटच्या, म्हणजे अपस्माराच्या पेशंटना फेनिटॉइन नावाची गोळी देतात. ही गोळी नाजूक आहे, रक्तात साधारण एका मिलीलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम एवढीच असावी लागते, कमी पडली तर फिट येते, जास्त झाली तर तोल जातो, डोळे फिरतात. नीट चाललेल्या पेशंटला अचानक परत फिट यायला लागल्या, चौकशी केली तर निघालं की सोबत शंखपुष्पीचं सिरप चालू होतं. मग डॉक्टरांनी उंदरांवर दोन्ही सोबत देऊन बघितलं, तर सिरपचे डोस सलग दिल्यावर रक्तातलं फेनिटॉइन खाली आलेलं दिसलं. त्या सिरपमध्ये शंखपुष्पीबरोबर दुसऱ्याही वनस्पती होत्या त्यामुळं नेमका दोष कुणाचा हे बोट ठेवून सांगता येत नाही, पण पेशंटला त्याचं काय, त्याला फिट आलीच ना. आणि हे सिरप घेणारे लोक कोण असतात विचार करा, ज्यांच्या घरात डोक्याच्या विकाराचा पेशंट आहे तेच तर मेंदूचं टॉनिक शोधत असतात.

आमच्या भावकीत एक पोरगा आहे फिटच्या गोळ्यांवर. त्याच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती माऊली म्हणाली, "आरं पण ते तर झाडपाल्याचं हाय, त्यानं काय हुतंय?" तिला म्हटलं काकू, तंबाखू झाडपालाच आहे, धोतरा झाडपालाच आहे. ती हसली, पण बाटली तिनं कपाटातनं काढून माझ्यासमोर ठेवली, अर्धी संपलेली. आता हे डॉक्टरला सांगितलं नव्हतं का विचारलं तर म्हणे त्यांनी विचारलंच नाही, आणि खरंय, तपासणीत दोन मिनिटं मिळतात, त्यात गोळ्यांचं विचारतात, काढ्यांचं कुणी विचारत नाही. म्हणून आपणच सांगायचं. फिटच्या, झोपेच्या, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर शंखपुष्पी नावाचं काहीही विचारल्याशिवाय नको. थायरॉइड एवढ्यासाठी म्हणतो की राजस्थानवालीच्या मुळाच्या अर्कानं उंदरांत थायरॉइडचं संप्रेरक कमी झाल्याचाही अभ्यास आहे.

घराण्याची आणखी एक खोड सांगून टाकतो म्हणजे ‘फूल सारखं दिसतंय, चालतंय की’ हा विचार डोक्यातनं जाईल. या खानदानात पोट साफ करणारे राळेसारखे चीक खूप जणांत आहेत, निशोत्तर त्यासाठीच वापरतात, आणि काळा दाणा म्हणून मिळणाऱ्या निळ्या वेलीच्या बियाही, जरा जास्त झाल्या की दिवसभर लोटा हातात. बेशरम तर शेरडांना सरळ विषारी, त्यात स्वेनसोनीन असतं, आणि वाईट म्हणजे एकदा चटक लागली की शेरडू दुसरा चारा सोडून तेच खायला जातं, मान हलवायला लागतं, चालताना झोकांड्या खातं. दुष्काळात बाकी सगळं वाळलेलं आणि ओढ्यात बेशरम तेवढं हिरवंगार, मग जनावर काय करणार. समुद्रशोकाच्या बियांत तर भ्रम पाडणारी द्रव्यं आहेत. सख्खी भावंडं, एक एकादशीच्या ताटात आणि एक कोंडवाड्यात घालायच्या लायकीचं.

ज्यांना एवढं वाचूनही झाड वापरायचंच आहे, आणि वापरायला माझी ना नाही, त्यांनी ओळखीच्या वैद्याला ताजं, फुलासकट दाखवून, त्यांना विचारून काय ते करा. पंचांग म्हणजे मुळापासून फुलापर्यंत सगळं झाड वापरायची पद्धत आहे, पण माळावरनं उपटून आणलेलं मूळ म्हणजे दहा-पंधरा वर्षं दुष्काळ काढलेलं मूळ असू शकतं, ते परत येत नाही. त्यापेक्षा बी धरा. थंडी सुरू होता होता बारक्या गोल बोंडांत दोन-चार तपकिरी बिया मिळतात, त्या सॅंडपेपरवर हलक्या घासायच्या, रात्रभर पाण्यात ठेवायच्या आणि मुरूम-वाळू मिसळलेल्या कुंडीत टाकायच्या. कुंडी पूर्ण उन्हात. पाणी आठवड्यातनं एकदा, तेही हात आखडून, शेणखत नकोच. माझ्या पहिल्या दोन कुंड्या मी लाडानं रोज पाणी घालून मारल्या, सांगलीत नदीचं पाणी मिळतंय म्हणून काय झालं.

आत्याच्या पोराला शेवटी मी फोनच केला. ब्लू डेज राहू दे, फुलं छान आहेत, गॅलरीत शोभा येते, पण पोराला काही पाजू नकोस, त्याला रात्री मोबाइल काढून घेऊन वेळेवर झोपव. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हंजे आपण डबा खायचो तिथली ती निळी बारकी फुलं, ती व्हय?" म्हटलं होय तीच. रविवारी गाडी काढून गेला गावाला. दुपारी अडीचला मला तिथनं फोन, "दादा, हितं तर काईच न्हाई, उगं एवढं पेट्रोल जाळलं." मी विचारलं, अरे वाजले किती?